न वापरलेल्या युनिटचा हिशेब

निपाणी आणि ब्याडगी ही नावं एका वाक्यात सहसा येत नाहीत. एक तंबाखूचं गाव, दुसरं मिरचीचं. वीज बचतीच्या कागदपत्रांत मात्र ती शेजारी शेजारी बसली आहेत. आपल्या बेळगावला वीज पुरवणारी हेस्कॉम आणि केंद्र सरकारच्या चार वीज कंपन्यांनी मिळून २००९ साली काढलेली ईईएसएल, या दोघांनी काही वर्षांपूर्वी या दोन ठिकाणी शेतातले सुमारे ५९० जुने पंप काढले आणि त्या जागी फाइव्ह स्टार पंप बसवून दिले. विजेचा वापर सुमारे ३७ टक्क्यांनी उतरला, असं नंतर सांगितलं गेलं.

३७ टक्के हा आकडा मोठा आहे. पण थोडं थांबून विचारलं, की फायदा नेमका कुणाचा झाला, तर उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. म्हणजे शेतकऱ्याचं बिल आधीही शून्य होतं आणि नंतरही शून्यच राहिलं. पंप त्याला आयता मिळाला, हा त्याचा फायदा खरा; पण वाचलेल्या विजेचा एक रुपयाही त्याच्या खिशात आला नाही. तो रुपया बंगळूरला वाचला, कारण या मोफत विजेचे पैसे राज्य सरकार वीज कंपन्यांना भरत असतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. वीज हा विषय बीईच्या पहिल्या वर्षी एका पेपरपुरता शिकलेलो. पण ‘अमुक बदल केला आणि तमुक इतका फायदा झाला’ या दाव्याची उलटतपासणी करणं हे माझं रोजचं काम आहे. वीज बचतीच्या योजनांकडे मी त्या नजरेने पाहू लागलो आणि त्यात चांगलाच गुंतलो.

मुळात हा धंदाच विचित्र आहे. साडीचा दुकानदार गिऱ्हाइकाला ‘दोन कशाला, एकच घ्या’ असं कधी म्हणत नाही. वीज कंपन्या तसं म्हणायला लागल्या त्या १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर, प्रामुख्याने अमेरिकेत. तेल महागलं, नवी वीजकेंद्रं बांधायचा खर्च आवाक्याबाहेर गेला. तेव्हा लक्षात आलं की एक नवं केंद्र बांधण्यापेक्षा तेवढ्याच विजेची गरज कमी करणं स्वस्त पडू शकतं. मात्र ही गरज कमी करायलाही पैसे लागतात, आणि ते शेवटी ग्राहकांच्याच बिलातून येतात. मग ते पैसे योग्य ठिकाणी गेले की नाही, हे ठरवायचं कसं? कॅलिफोर्नियाने यासाठी १९८३ साली एक नियमपुस्तक काढलं. आजही जगभर त्याच धर्तीवर हिशेब होतात. आपल्याकडे महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये अशा योजनांची किफायत तपासण्यासाठी स्वतंत्र विनियम केले, त्यातही याच विचाराची छाया दिसते.

त्या पुस्तकातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते ‘फायदा किती’ असं विचारतच नाही. ‘कुणाच्या बाजूने पाहायचं’ हे ते आधी ठरवायला लावतं. योजनेत भाग घेणारा ग्राहक, योजनेत न आलेला पण बिल भरणारा शेजारी, वीज कंपनी, या सगळ्यांची मिळून बेरीज, आणि शेवटी धूर-प्रदूषण धरून सगळा समाज, अशा वेगवेगळ्या खिडक्या. एकच योजना एका खिडकीतून सोन्यासारखी दिसते आणि दुसरीतून तोट्याची. भांडणं होतात ती बहुतेकदा यामुळेच. प्रत्येक जण आपल्या खिडकीतलं दृश्य सांगत असतो.

आता आपल्या सगळ्यांच्या घरात असलेलं उदाहरण घेऊ. उजाला योजना. ५ जानेवारी २०१५ ला तिची सुरुवात झाली. कर्नाटकात ‘होस बेळकू’ या नावाने ती आली, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेकांना आठवत असेल. वीज कार्यालयाबाहेर टेबल मांडून, बिल दाखवा आणि बल्ब घ्या, असा तो प्रकार. सात वर्षांत देशभर सुमारे ३६.८ कोटी एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी आकड्यांनुसार त्यातून वर्षाला सुमारे ४,७८० कोटी युनिट वीज वाचते आणि कमाल मागणी साडेनऊ हजार मेगावॉटने कमी होते.

हे आकडे वाचले की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. ४,७८० कोटी भागिले ३६.८ कोटी, म्हणजे एका बल्बमागे वर्षाला सुमारे १३० युनिट. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला, तर प्रत्येक तासाला ५१ वॉट वाचतात. १३० युनिट वाचायला तो बल्ब वर्षात जवळपास २,५५० तास जळायला हवा. म्हणजे रोज सात तास, ३६५ दिवस, एकही दिवस न चुकता. आणि देशातल्या प्रत्येक बल्बने हे करायला हवं. देवघरातल्याने, माळ्यावरच्याने, बाथरूममधल्या आणि पाहुणे आले तरच लागणाऱ्या गच्चीवरच्यानेही.

आपल्याच घरात एक फेरी मारा. स्वयंपाकघरातला आणि बाहेरच्या खोलीतला दिवा पाच-सहा तास चालत असेल. बाकीचे? शिवाय ज्या घरांत आधीच १४ वॉटचा सीएफएल होता तिथे ५१ नाही, फक्त ५ वॉट वाचले. काही बल्ब कपाटात ‘असू दे, लागेल’ म्हणून पडून राहिले. आपल्या घरांत ‘असू दे’ हा मोठा विभाग असतो, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे आकडा फुगलेला आहे का? मला तसं वाटतं. पण म्हणून योजना वाईट ठरते का? इथे खरी मजा आहे. समजा, दाव्याच्या फक्त एक तृतीयांश बचत झाली. म्हणजे बल्बमागे वर्षाला ४३ युनिट. युनिटला पाच रुपये धरले तर २१५ रुपये. बल्बची किंमत ७०-८० रुपये. पाच महिन्यांत पैसे परत! दाव्याचा दोन तृतीयांश भाग कापून टाकला तरी निर्णय बदलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो: गृहीतक किती चुकलं तर निष्कर्ष कोसळतो, ते आधी पाहायचं. उजालाचा निष्कर्ष सहजी कोसळत नाही.

आणि एक गोष्ट त्या आकड्यात मोजलेलीच नाही. ईईएसएलने घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ च्या सुमारास, एका बल्बला ३१० रुपये मोजावे लागत होते. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. एवढा मोठा गिऱ्हाईक दारात उभा राहिल्यावर कारखानदारांनी उत्पादन वाढवलं, तंत्र सुधारलं, भाव पाडले. त्याचा फायदा योजनेच्या टेबलापाशी कधीही न गेलेल्या, गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून बल्ब घेणाऱ्यालाही झाला. सगळं श्रेय योजनेला देता येणार नाही, जगभरच एलईडी स्वस्त होत होते. पण काही वाटा नक्कीच तिचा आहे. म्हणजे एका बाजूला बचत फुगवून सांगितली गेली आणि दुसऱ्या बाजूला खरा मोठा फायदा हिशेबाबाहेर राहिला. सरकारी अहवाल वाचताना ही दोन्ही टोकं ध्यानात ठेवावी लागतात.

यातला सर्वांत अवघड प्रश्न असा: योजना नसती तर काय झालं असतं? ज्याने तसाही एलईडी घेतलाच असता, त्याला तुम्ही स्वस्तात दिला. त्याची बचत योजनेच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही. पण ‘नसती तर’ हे जग कुणी पाहिलेलं नसतं. आमच्या क्षेत्रात यावर ए/बी टेस्ट हा उपाय आहे. वापरणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला नवा बदल दाखवायचा, दुसऱ्याला जुनंच ठेवायचं आणि फरक मोजायचा. विजेच्या बाबतीतही हे झालेलं आहे. अमेरिकेत काही वीज कंपन्यांनी ग्राहकांना घरपोच पत्रं पाठवली: तुमचा वापर इतका, तुमच्यासारख्या शेजाऱ्यांचा सरासरी इतका. सुमारे ६ लाख घरांवर चिठ्ठ्या टाकून हा प्रयोग तपासला गेला. वापर सरासरी २ टक्क्यांनी घटला. आकडा लहान आहे, पण पक्का आहे, आणि खर्च फक्त कागद आणि टपालाचा. शेजाऱ्याशी तुलना केली की माणूस जागा होतो, हे आपल्या वाड्यांना आणि चाळींना संशोधनाआधीच ठाऊक होतं.

उलट उदाहरण मेक्सिकोचं. तिथल्या सरकारने २००९ पासून एक मोठी योजना चालवली: जुना फ्रिज किंवा एसी द्या, नवा कमी वीज खाणारा घ्या, किमतीतला काही भाग सरकार देईल. लाखो घरांनी भाग घेतला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष वीजबिलं तपासली, तेव्हा फ्रिज बदललेल्या घरांचा वापर सुमारे ८ टक्के कमी झालेला दिसला. आधी जो अंदाज बांधला होता, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. आणि एसी बदललेल्या घरांत तर वापर चक्क वाढला. कारण उघड होतं. नवा फ्रिज जुन्यापेक्षा मोठा आणि जास्त सोयींचा आला. नवा एसी चालवायला स्वस्त, मग तो जास्त वेळ चालू राहिला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गरीब घरांची थंडीपासून डागडुजी फुकट करून देण्याच्या योजनेचा असाच अभ्यास झाला. तिथे कागदावरची बचत प्रत्यक्षापेक्षा तिपटीहून जास्त निघाली. फुकट असूनही लोकांना तयार करणं किती जड गेलं, तेही त्यात आहे. अर्ज, पुरावे, खेपा. रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागू नये.

एसीची ही गोष्ट शेतातल्या पंपालाही लागू पडते, फक्त तिथे थंड हवेच्या जागी पाणी आहे. शेतीला थ्री फेज वीज दिवसातले ठरावीक तास मिळते. वीज आली की पंप चालू, गेली की बंद. नवा पंप त्याच तासांत जास्त पाणी उपसत असेल आणि मोटरची ताकद तेवढीच ठेवली असेल, तर विजेची बचत जवळपास होतच नाही. उसाला पाणी जास्त मिळतं आणि विहीर लवकर तळ दाखवते. बचत व्हायची तर तेवढंच पाणी लहान मोटरने उपसावं लागतं. शेतकरी त्याला सहसा राजी नसतो, आणि त्याची कारणं खरी असतात. गावाच्या टोकाला दाब कमी असतो, मोटर जळते, म्हणून तो गरजेपेक्षा मोठीच मोटर घेतो. जळली की तालुक्याला नेऊन रिवाइंडिंग करून आणतो, आणि दर रिवाइंडिंगला तिची कार्यक्षमता थोडी उतरू शकते. त्यातच अनेक शेतीपंपांना मीटरच नाही. मीटर नाही तिथे ‘किती वाचली’ हे सांगायला आधी ‘किती जात होती’ याचाच अंदाज करावा लागतो. शेतीच्या नावावर वितरणातली गळती आणि चोरी दडते, अशी तक्रार देशभर होते ती यामुळेच. माझ्या मते कोणत्याही पंप योजनेतली पहिली चांगली गुंतवणूक पंपाची नाही, फीडरवरच्या मीटरची आहे.

आता वीज कंपनीच्या खिडकीत जाऊ. समजा, खडेबाजारातल्या एका दुकानदाराने दिवे आणि एसी बदलून महिन्याला १०० युनिट वाचवले. उदाहरणापुरता त्याचा दर ९ रुपये धरू. कंपनीचे ९०० रुपये बुडाले. वाटेतली गळती १५ टक्के धरली तर त्याच्या १०० युनिटसाठी कंपनीला सुमारे ११८ युनिट विकत घ्यावे लागत होते, ते वाचले. पण कंपनीने वीजकेंद्रांशी २५-२५ वर्षांचे करार केलेले असतात. वीज उचला वा न उचला, स्थिर आकार द्यावाच लागतो. लग्नाच्या हॉलचं भाडं पाहुणे कमी आले म्हणून कमी होत नाही, तसं. वाचतो तो फक्त कोळशाचा खर्च, समजा युनिटला ३ रुपये. म्हणजे ३५४ रुपये. कंपनीला साधारण साडेपाचशेचा तोटा, आणि पुढच्या दरवाढीत तो बाकीच्या ग्राहकांवर पसरणार.

पण तीच १०० युनिट संध्याकाळी सात वाजता वाचली तर? त्या वेळी सूर्य मावळलेला असतो, सौर वीज थांबलेली असते, सगळ्यांचे दिवे आणि टीव्ही चालू असतात. कमी पडणारी वीज कंपनी बाजारातून घेते आणि तिथला दर कधी कधी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. मग ११८ युनिटचे ११८० रुपये वाचले, बुडाले ९००. कंपनीही फायद्यात. एकच दुकान, तेवढीच युनिट. फरक फक्त घड्याळाचा. म्हणून दिव्यांची बचत ही दुपारच्या बचतीपेक्षा मोलाची. ‘वर्षाला इतकी कोटी युनिट वाचली’ एवढंच सांगणाऱ्या अहवालात ही गोष्ट पुसली जाते.

घरगुती हिशेब मात्र आपल्याकडे २०२३ पासून पार बदलला. गृहज्योती योजना आली. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर, त्यावर १० टक्के, आणि वर २०० युनिटची मर्यादा. तेवढी वीज मोफत. मी घरी बीएलडीसी पंख्यांचा विषय काढला तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “बिल शून्य येतंय ना? मग चांगले चाललेले पंखे कशाला काढतोस?”

त्यांच्या खिडकीतून ते शंभर टक्के बरोबर आहेत. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात, दोन पंख्यांचे २७. बेळगावच्या हवेत पंखा वर्षातले आठ महिने धरू: २१६ युनिट. मोफत मर्यादेच्या आत असलेल्या घराला यातून मिळणार शून्य. पण त्या युनिटचे पैसे भरणाऱ्या राज्य सरकारला सहा रुपयांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १,३०० रुपये वाचतील. साध्या आणि बीएलडीसी पंख्याच्या किमतीतला फरक नगामागे १,२०० धरला, तर दोन पंख्यांचे २,४०० रुपये सरकारने स्वतः भरले तरी दोन वर्षांच्या आत ते वसूल होतात. पंखे त्यानंतरही कितीतरी वर्षं चालणार. मोफत वीज द्यायचीच असेल, तर सोबत पंखा देणं सरकारलाच स्वस्त पडतं. ईईएसएलने २०२३ मध्ये १ कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला आहे. गृहज्योतीच्या घरांशी तो जोडला तर हिशेब जुळतो.

त्या योजनेतली एक गोष्ट मला खटकते. मोफत कोटा जुन्या वापरावर बांधला आहे. ज्या घराने आधीच एलईडी लावून, दिवे विझवत ९० युनिटवर भागवलं, त्याला मिळतात ९९. ज्याने १८० जाळले, त्याला १९८. काटकसर आधी केली हाच दोष ठरला.

उलट, उंबरठ्यावरच्या घरांसाठी बचत एकदम मौल्यवान होते. २०० च्या वर एक युनिट गेलं तरी त्या महिन्याचं पूर्ण बिल येतं. एप्रिल-मेमध्ये २१० वर जाणाऱ्या घराने दोन पंखे बदलले तर २७ युनिट कमी होऊन ते १८३ वर येतं, आणि बिल एकदम खाली येतं. कोटा १८३ पेक्षा कमी असेल तर वरच्या थोड्या युनिटचे पैसे तेवढे पडतील. इंदूरच्या आपल्या मंडळींना हा खेळ ओळखीचा वाटेल. मध्य प्रदेशातल्या गृहज्योतीत १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिली १०० युनिट १०० रुपयांत. तिथेही महिनाअखेर मीटरकडे डोळा ठेवणारी घरं आहेत.

आपल्या घराचा हिशेब करायचा असेल तर मागच्या दोन वर्षांची बिलं काढा आणि त्यातला रुपयांचा आकडा झाकून फक्त युनिट पाहा. एप्रिलची तुलना मार्चशी करू नका, मागच्या एप्रिलशी करा. गणपतीत घर भरलेलं होतं का, मुलगी बाळंतपणाला आली होती का, हे शेजारी लिहून ठेवा. नवा पंखा लावायचा तर एका खोलीत आधी लावा, आणि मीटरचा आकडा रोज एका ठरलेल्या वेळी वहीत टिपा. दोन आठवडे जुन्यावर, दोन आठवडे नव्यावर. आमच्याकडे हे काम आईने अंगावर घेतलं आहे. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानापासून तिने मीटरचे आकडे सुरू केलेत, आणि परवा तिने मला विचारलं, की रात्री अकरानंतर सगळं बंद असताना मीटर कशाचं फिरतं.